तात्यांच्या जिभेवरचं कोकोपीट

कोकोपीटचा ब्लॉक बघितलाय कधी? नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून दाबून केलेली पाच किलोची वीट. दिसायला एवढीशी, पण हौदात टाकून पाणी सोडलं की फुगत जाते, फुगत जाते, आणि अर्ध्या तासात फावड्याने ओढावी लागते. आमच्या नर्सरीतले किस्से असेच आहेत. रोज काहीतरी घडतं, आपण ते दाबून ठेवतो. मग कुणाच्या तरी लग्नात कुणीतरी विचारतं, "तू त्या नर्सरीत नक्की करतेस काय गं? फुलझाडं विकतेस?" झालं! मी सुरू होते.

तर फुलझाडं नाहीत. दिंडोरीच्या पुढे, वणी रस्त्यावर आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये शंभरेक खळगे, प्रत्येक खळग्यात चमचाभर कोकोपीट, त्यात एक बी. महिन्याभरात रोप तयार होतं आणि शेतकरी पिकअप घेऊन दारात उभा राहतो.

सगळा खेळ त्या चमचाभर भुशाचा. नारळ समुद्राकाठचा, त्यामुळे भुशात मीठ. ते नीट धुऊन निघालं नाही तर रोपाची पानं कडेने जळतात, मुळं तपकिरी पडतात आणि शेतकऱ्याचा हंगाम बसतो. किती पाण्याने धुवायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवणं म्हणजेच नर्सरी चालवणं. आमच्याकडे ते नर्सरीचे मालक, तात्या ठरवायचे. मीटरने नाही, जिभेने!

हौदातला मूठभर भुसा घ्यायचा, पिळायचा, दोन थेंब जिभेवर सोडायचे, डोळे मिटायचे. सगळी शेड गप्प. मग तात्या म्हणायचे "गोड", की बायका ट्रे भरायला घेणार. नाहीतर म्हणायचे "अजून एक पाणी", की हौद पुन्हा रिकामा करायचा. ही पद्धत नर्सरी सुरू झाली तेव्हापासूनची. मी त्यात नंतर आले.

*

माझा इंटरव्ह्यू हौदाच्या काठावर झाला.

मी नाशिकची, बी.एस्सी. अ‍ॅग्री, फर्स्ट क्लास. इस्त्रीचा ड्रेस घालून, फाइल छातीशी धरून गेले होते. तात्या तेव्हा साठीचे, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, अंगभर भुसा. फाइलकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"भुसा रोपाला चालंल का नाय, कसं ओळखायचं?"

मी लागले बोलायला. पीएच, ईसी, जलधारण क्षमता, हवेच्या पोकळ्यांचं प्रमाण. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हौदात हात घातला आणि ओल्या भुशाचा गोळा माझ्या तळहातावर ठेवला.

"पिळ आन् चाख."

मला वाटलं रॅगिंग चाललंय. ट्रे भरणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. मी मूठ पिळली, थेंब जिभेवर घेतला आणि थू थू करत बाजूला झाले.

"कसं लागलं?"

"खारट!"

"मग आता काय करायचं?"

"अजून... धुवायचं."

तात्यांनी फाइल घेतली आणि न उघडता सुशीलाबाईंच्या हातात दिली. सुशीलाबाई म्हणजे आमच्या मुकादम. वीस वर्षं ट्रे भरतायत, बाकीच्या पंधरा बायका त्यांच्याच हाताखाली. त्यांना तात्या म्हणाले, "हिला ठेव. चार वर्षांत शिकली नाय ते चार सेकंदांत शिकली!"

*

मी काय ऐकून घेणारी नव्हे. पहिल्या पगारातून ईसी मीटर आणलं. पाण्यात बुडवायचं, आकडा येतो, क्षार किती ते कळतं. कुणाच्या जिभेला त्रास नाही.

एका सकाळी मी तात्यांना चॅलेंजच दिलं. तीन टब भरले. तात्यांनी तिन्ही चाखले. पहिला गोड, तिसरा गोड, मधला खारट. मी मीटर बुडवलं. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यातही शून्य!

"बघा तात्या, मधल्यातही काही नाही. मशीन खोटं बोलत नाही."

तात्यांनी पुन्हा मधला टब चाखला. पुन्हा खारट म्हणाले. मी पुन्हा मीटर बुडवलं. मला तर जिंकल्यासारखंच वाटत होतं. बायका एकदा माझ्याकडे, एकदा तात्यांकडे बघत होत्या.

शेवटी सुशीलाबाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते खालचं टोपान काढायचं आसतं का?"

पुढे मीटर माझ्या ड्रॉवरमध्येच पडून राहिलं. तात्यांनी मला कधी चिडवलं नाही. फक्त डबा खायला बसलो की म्हणायचे, "मॅडम, टोपान काढा आन् मंग जेवा."

*

सटाण्याकडचे एक शेतकरी आले होते. वयस्कर, डोक्यावर टोपी. पिकअपमध्ये मातीची तीन पोती घालून आणली होती. त्यांना मिरचीची रोपं हवी होती, पण आमच्या भुशात नको, त्यांच्या मातीत.

मी समजावलं. म्हटलं, आजोबा, शेतातली माती खळग्यात भरली की घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही, वर त्यात मर रोगाची बुरशी असते. रोपं आठव्या-नवव्या दिवशी माना टाकतात.

"आमनी माती सोनं शे," ते अहिराणीत म्हणाले.

मी म्हटलं असेल, पण ट्रेमध्ये चालत नाही. माझा आवाज चढला होता, हे कबूल करते. ते नुसते पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. मग तात्यांनी विचारलं, "बाबा, कुठली माती ही?"

"जुना वावरनी. जमीन रोडमा गई."

त्यांचं जुनं वावर रस्त्याखाली गेलं होतं. डांबर पडायच्या आधी त्यांनी ही तीन पोती भरून ठेवली होती. आता दुसरीकडे जमीन घेतली होती आणि तिथल्या पहिल्या पिकाला ही माती लागायला हवी होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्या म्हणाले, "ठेवा पोती, लावतो." ते गेल्यावर तात्यांनी ती माती चाळली, पत्र्यावर टाकून भाजून घेतली, आणि भुशात चिमूट चिमूट मिसळायला लावली. सुशीलाबाईंनी विचारलं किती, तर म्हणाले, "चवीपुरती."

रोपं फर्मास आली. आजोबा न्यायला आले तेव्हा त्यांनी एक रोप उपटलं, मुळाशी नाक लावलं, बराच वेळ हुंगत राहिले.

"हाई आमनी माती नही शे."

आजोबांनी रोप परत खळग्यात खोचलं, अंगठ्याने दाबलं आणि तात्यांकडे बघून म्हणाले, "पन तुमना हात लागेल शे. चाली."

*

यापुढचे किस्से मी लग्नात सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी तात्या दीड महिना आले नाहीत. आम्हाला सांगितलं होतं, दातांचं काम आहे. परत आले तेव्हा गळ्याची कातडी काळी पडलेली, अंगावरचा सदरा दोन मापं मोठा. आल्या आल्या हौदाकडे गेले. मूठ पिळली, थेंब जिभेवर, डोळे बंद.

"गोड."

आम्ही ट्रे भरले. ढोबळी मिरचीचे अठराशे ट्रे. पंधराव्या दिवशी पानांच्या कडा करपायला लागल्या, विसाव्या दिवशी शेडमध्ये जायची इच्छा होईना. मी घाईघाईने मीटर काढलं, या वेळी टोपण काढून, आणि आकडा बघितला. मिठागर होतं ते, मिठागर!

सगळे ट्रे खड्ड्यात रिकामे केले. तात्या स्वतः एकेका शेतकऱ्याच्या घरी जाऊन सांगून आले की रोपं मिळणार नाहीत, चूक माझी आहे. परत आले की हौदाच्या काठावर बसायचे.

चूक कशी झाली ते कुणालाच कळेना. सुशीलाबाईंना मात्र शंका आली. त्या म्हणाल्या, तात्या हल्ली ठेचा खातात आन् पाणी मागत नायत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तात्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. चांगलं दोन चमचे. मी बघत होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. ही काय थट्टा करायची वेळ आहे?

तात्यांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. सगळा कप संपवला, बशीत सांडलेलाही प्यायले.

"झ्याक झालाय," म्हणाले.

पंधरा बायका होत्या तिथे. एरवी कुणाचा पाय घसरला तरी तासभर खिदळणाऱ्या. एकीच्याही तोंडातून आवाज निघाला नाही. सुशीलाबाईंनी कप उचलला आणि नळाखाली किती वेळ धूत बसल्या.

*

संध्याकाळी मी तात्यांच्या मुलाला, संदीपला गाठलं. त्याने सांगितलं. दात वगैरे काही नव्हतं. घशात गाठ होती, नाशिकला हॉस्पिटलमध्ये रेडिएशनचे शेक दिले होते. त्या शेकात जिभेची चव गेली. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल, कदाचित नाही.

"त्यांना माहितीये?" मी विचारलं.

"त्यांना माहितीये. तुम्हाला माहिती नाय असं त्यांना वाटतं."

म्हणजे बघा. नर्सरीतलं बाकी सगळं संदीप बघायचा. गाड्या, बुकिंग, मजूर, औषधं. तात्यांकडे उरली होती ती फक्त जीभ. त्या जिभेसाठी ते शेकाच्या खाटेवरून उठून थेट हौदापाशी आले होते. ती गेल्याचं चारचौघांत उघड झालं, तर त्यांना सकाळी घरातून निघायला कारणच उरणार नव्हतं. मग किती दिवस काढले असते त्यांनी?

आणि ती जीभ तशीच चालू ठेवली तर रोपं मरणार होती.

मी घरी गेले, जेवले नाही. काय करावं काही सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सुशीलाबाईंनी सगळं ठरवून ठेवलं होतं.

*

तर खोकला.

तात्या यायच्या आधी मी पोत्यांच्या मागे मीटर लावायचे आणि सुशीलाबाईंना सांगायचे. मग तात्या यायचे. मूठ पिळायचे, थेंब जिभेवर घ्यायचे, डोळे मिटायचे. माल खारट असला की सुशीलाबाई एकदा खोकायच्या. चांगला असला तर गप्प राहायच्या.

तात्यांचे डोळे मिटलेलेच असायचे. खोकला ऐकला की म्हणायचे, "अजून एक पाणी."

खरं सांगते, पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्यांना कळलंय, की आपोआप होतंय? की जीभ परत आली? मी सुशीलाबाईंकडे बघितलं तर त्या पदराने तोंड पुसत दुसरीकडे बघत होत्या. त्यानंतर एकही ट्रे जळला नाही. शेतकरी परत यायला लागले. तात्यांच्या जिभेची ख्याती पुन्हा पार वणीपर्यंत!

मग थंडीत सुशीलाबाईंना सर्दी झाली.

त्या दिवशी माल चांगला होता. तात्यांनी थेंब घेतला, आणि सुशीलाबाईंना ढास लागली. "अजून एक पाणी." हौद रिकामा केला, भरला. पुन्हा थेंब, पुन्हा ढास. बाई तोंडात पदर कोंबतायत, डोळ्यांतून पाणी येतंय, पण खोकला काही थांबेना. सात पाणी झाली! विहिरीची मोटर तापली. बायका हसू दाबून दाबून लाल झाल्या होत्या आणि मी पोत्यामागे अक्षरशः खाली बसले होते.

तात्यांनी वैतागून विंचूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "कसला माल पाठवला राव? सात पाणी झाली, तरी मीठ जाईना!"

तो व्यापारीही पक्का. तासाभरात मोटरसायकलवर हजर. हौदातला भुसा पिळला, चाखला. "तात्या, आवो पावसाच्या पाण्यावानी लागतंय हे!"

तात्यांनी पुन्हा थेंब घेतला. डोळे मिटले. सुशीलाबाई दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून, श्वास कोंडून उभ्या होत्या.

बराच वेळ गेला.

"हां," तात्या म्हणाले. "आत्ता आला गोड. सातव्या पाण्याला!"

*

यातला एक किस्सा मला अजून टोचतो.

संदीपने तयार भुसा आणला. कारखान्यातच धुतलेला, तपासलेला, पिशवीवर आकडे छापलेले. पिशवी फोडा, ट्रे भरा. हौद नको, पाणी नको, चाखायला नको. मी खूश. हाच तर योग्य रस्ता होता, मी कॉलेजपासून हेच सांगत आले होते.

संदीप वाईट मुलगा नाही. उलट बापाचे हाल बघवत नव्हते म्हणूनच त्याने हे केलं होतं. तो म्हणाला, "तात्या, एकदा बघून घ्या. तुम्ही गोड म्हणालात की हाच माल कायमचा लावू. मंग तुम्ही घरी आराम करा."

आराम करा!

मी मीटर लावून बघितलं होतं. माल एक नंबर होता. सुशीलाबाईंना तसं सांगितलंही होतं.

तात्यांनी पिशवीतला भुसा ओला केला, पिळला. थेंब जिभेवर घेतला. डोळे मिटले. शेडमध्ये नुसता तुषार उडवणाऱ्या फॉगरचा आवाज. मी सुशीलाबाईंकडे बघत होते. त्या संदीपकडे बघत होत्या, मग तात्यांच्या गळ्याकडे, त्या काळ्या पडलेल्या कातडीकडे.

आणि त्या खोकल्या.

"खारट हाय," तात्या म्हणाले. "परत पाठव."

संदीपने सगळ्या पिशव्या परत पाठवल्या. बापाची चव गेलीय हे त्याला माहीत होतं, पण सगळ्यांसमोर त्यांना पिशवीवरचा आकडा कसा दाखवणार तो?

मी सुशीलाबाईंना पोत्यांच्या मागे ओढलं. "बाई, माल चांगला होता! तुम्हाला सांगितलं होतं मी! धडधडीत खोटं बोललात तुम्ही!"

"बोलले," त्या म्हणाल्या. "माल उद्याबी मिळंल, मॅडम."

मी पुढचे चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अजूनही मला वाटतं त्या चुकल्या. आणि त्या जागी मी असते तर मीही खोकले असते, असंही वाटतं. दोन्ही वाटतं, काय करू?

*

यंदा गाठ परत आली. या वेळी डॉक्टर शेक द्यायला तयार नव्हते.

मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. नाकात नळी, त्यातूनच दूध, त्यातूनच पाणी. जिभेचं काही कामच राहिलं नव्हतं. आवाज म्हणजे नुसती हवा. मी इकडचं तिकडचं सांगत राहिले. टोमॅटोचं बुकिंग फुल्ल आहे, कोबी झकास उगवली आहे. तात्या ऐकत होते.

मग त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मी कान लावला.

"संदीपच्या पिशव्यांचा... मीटरवर आकडा किती व्हता?"

मीटर मी पोत्यांच्या मागे लावायचे, तेही ते यायच्या आधी. त्यांच्या देखत मी ते पुन्हा कधीच बाहेर काढलं नव्हतं. पण त्या अवस्थेतल्या माणसाशी खोटं कसं बोलायचं?

"चांगला होता, तात्या. माल चांगला होता."

त्यांनी मान हलवली. ओठ जरा वाकडे झाले, ते हसत होते हे मला नंतर कळलं.

"वाटलंच मला. त्या दिवशी बाईंना खोकायला लय उशीर लागला."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मनसोक्त रडले. सुशीलाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या ट्रे भरत होत्या. भरतच राहिल्या. फक्त म्हणाल्या, "आन् तरी माल परत पाठवला व्हय?"

*

तात्या गेले त्याच्या तिसऱ्या दिवसाची ही गोष्ट.

आमच्याकडे हल्ली राख नदीत सोडत नाहीत. आपल्याच शेतात खड्डा घेतात, त्यात राख टाकतात आणि वर झाड लावतात. माणूस आपल्याच मातीत राहतो, अशी त्यामागची भावना. सावडून झाल्यावर संदीपने नर्सरीच्या बांधावर खड्डा घेतला होता. केसर आंब्याचं कलम आणलं होतं, आमच्याच शेडमध्ये वाढवलेलं, गुडघ्याएवढं. खड्ड्यातली माती आणि शेणखत मी कालवून ठेवलं होतं. ते काम मीच मागून घेतलं होतं.

लाकडं बरीच लागली होती, त्यामुळे राखही बरीच निघाली. दोन गोण्या. संदीपने एक गोणी खड्ड्यात ओतली. मातीत मिसळली. मग दुसरी ओतली. मला वाटलं थोडी मागे ठेवेल, पण त्याने सगळी ओतली, गोणी झटकून घेतली. खड्ड्यातली माती पार पांढरी झाली.

तिथे जमलेली निम्मी माणसं नर्सरीवाली होती. दिंडोरीपासून वणीपर्यंतचे सगळे आले होते. राखेत क्षार असतो आणि एवढ्या राखेत कोवळं मूळ आठ दिवसही टिकणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही कळत होतं. पण बापाची राख जास्त झाली, असं मुलाला कोण सांगणार? सगळे खाली बघत उभे. संदीपने कलमाची पिशवी फाडली, मुळाचा गड्डा दोन्ही हातांत धरला, आणि गुडघ्यावर बसला.

"थांबा, संदीपदादा."

सुशीलाबाई बायकांमधून पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि आतली पांढरी माती मुठीत घेतली. शेजारच्या तांब्यातलं पाणी तिच्यावर सोडलं. मूठ पिळली.

"काकू, आवो..." संदीप म्हणाला. कुणीतरी मागून "बाई!" असं ओरडलं.

थेंब त्यांनी जिभेवर घेतले. डोळे मिटले. त्या थुंकल्या नाहीत, गिळलं त्यांनी. मग डोळे उघडले आणि संदीपकडे बघून अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"तात्या जास्त झाले. निम्मे काढा."